फक्कीनं आखलेला बाजार

अर्बन स्टडीजमध्ये एम.ए. करायला मी हैदराबादला चालले, असं म्हटल्यावर भोकरदनच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटलं, मला अर्बन बँकेत नोकरी लागली. शेजारच्या काकूंनी पेढे मागितले आणि वर विचारलं, ठेवीवर किती टक्के देता गं तुम्ही? माझा राग नाकावरच असतो. म्हटलं, काकू, बँक नाही, शहरांचा अभ्यास आहे. त्यावर त्या म्हणाल्या, शहराचा काय अभ्यास करायचा असतो, शहरात जायचं आणि राहायचं. एवढं बोलून त्या कपडे वाळत घालायला गेल्या.

पप्पांनी मात्र मला काही विचारलं नाही. ते पी.टी.चे सर, सगळी नोकरी शाळेच्या मैदानावर गेली. निवृत्त झाले तरी शिट्टी खिशात असतेच, आणि बसस्टँडवर कुठल्याही बापयानं 'सर' म्हणून हाक मारली की त्याला कबड्डीत कोणत्या बाजूनं चढाईला पाठवायचे ते यांना आठवतं. माझ्या कोर्सची माहिती त्यांनी मोबाईलवर डोळे बारीक करून दोनदा वाचली आणि आईला सांगितलं, कोण कुठं उभं राहतं ते बघायचा अभ्यास आहे, आपल्या कामाचाच आहे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एका वाक्यात त्यांनी समजावून दिलं, जे मला प्रवेशाच्या मुलाखतीत धड सांगता आलं नव्हतं.

हैदराबादला गेल्यावर मला वेडच लागलं. पहिलाच अभ्यास असा होता की एका चौकात सकाळभर थांबायचं आणि कोण उभं आहे, कोण बसलंय, आणि बसलेल्याला कोण उठवतंय, एवढंच बघायचं. सोपं वाटलं. आणि मग दिसायला लागलं. चहाची गाडी कोणत्या भिंतीला टेकते, सावली सरकली की भीक मागणारी म्हातारी किती सरकते, पोलिसाची गाडी आली की कोण पळतं आणि कोण तिथंच बसून हात वर करतं. एवढी वर्षं मी डोळे मिटून चालत होते की काय! वर्गातून बाहेर पडले की मी चालतच सुटायचे. मैत्रिणी म्हणायच्या, हिला घेऊन कुठं जाऊ नका, ही फूटपाथ वाचत बसते.

दिवाळीला घरी येताना जालन्याला उतरले आणि बस धरायच्या आधी जुन्या जालन्यात आईसाठी कापड घ्यायला गेले. गल्ली तीच, धान्याची नि कापडाची दुकानं तीच, ऑटोवाल्यांचं हॉर्न वाजवणं तेच. पण मी एका ठोक दुकानासमोर थांबले आणि पायऱ्यांकडे बघतच राहिले. वरच्या पायरीवर दलाल, मधल्यावर गिऱ्हाईक, खालच्यावर हमाल, आणि कोणी कोणाला सांगितलेलं नाही. दुकानदारानं विचारलं, ताई, काय पाहिजे? म्हटलं, काही नाही, पायऱ्या बघून राह्यले. मी टॅक्सवाल्यांची माणूस असणार असं समजून त्यानं मला घाईघाईनं खुर्ची दिली.

दुसऱ्या वर्षाला प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली. वर्गात कोणी मेट्रो घेतली, कोणी तलाव, कोणी काचेच्या उंच इमारती. मी म्हटलं, भोकरदनचा आठवडी बाजार. दिल्लीच्या मैत्रिणीनं प्रेमानंच विचारलं, तुमच्याकडं सिग्नल तरी आहे का? म्हटलं, नाही, आमच्याकडं बैल आपण होऊन थांबतात. सगळे हसले, मीही हसले, पण आतून पेटले होते.

आमच्या गाईड मॅडम हळू बोलणाऱ्या. त्या कधी रागवत नाहीत, त्यामुळं त्यांची जास्त भीती वाटते. त्यांनी मला खोलीत बसवून सांगितलं की तालुक्याचा बाजार हा ग्रामीणवाल्यांचा विषय आहे, आपला नाही. मी भांडले. म्हटलं, मॅडम, एरवी ते मोकळं मैदान असतं, शेळ्या चरतात, ट्रॉल्या उभ्या असतात. बाजाराच्या दिवशी तिथं सकाळपासून एक आख्खं शहर येऊन बसतं. गल्ल्या होतात, पेठा होतात, अनोळखी माणसं एकमेकांना खेटून उभी राहतात, आणि संध्याकाळी ते शहर उठून जातं. ते शहर कसं नाही, ते तुम्ही सांगा. मॅडमनी चष्मा पुसला. म्हणाल्या, मला बोलून दाखवू नकोस, नकाशा आण. हिवाळी सुट्टीनंतरच्या सेमिनारला तुझा नकाशा काही बोलला तर भोकरदन कर. नाही बोलला तर उड्डाणपुलाखालच्या फेरीवाल्यांचा विषय मी तुझ्यासाठी काढून ठेवलाय.

उड्डाणपुलाचा विषय वाईट नव्हता. पण मला तो करायचा नव्हता म्हणजे नव्हता. जाडजूड पुस्तकांत सगळीकडे मोठीच शहरं. आपलं गाव त्यात एकदा तरी यावं, आणि ते मी आणावं, याची मला इतकी हाव सुटली होती की जेवताना सुद्धा मी ताटात चटणी, भाजी, भाकरीचे बाजार मांडत होते.

सुट्टी लागल्याबरोबर घरी आले. पहिल्याच बाजाराच्या दिवशी पप्पांच्या ओळखीनं शाळेच्या गच्चीवर चढले. तिथून मैदान सगळं दिसतं. कागद पसरला, रंगीत पेनं काढली आणि ठिपके द्यायला लागले. हिरवा भाजीला, निळा कापडाला, काळा लोखंडाच्या सामानाला, तांबडा वाळल्या मिरचीला.

तांबडा पहिला ठिपका मी न बघताच दिला, मैदानाच्या पार मागे, नाल्याला लागून. तिथं माझी आत्या बसते. पप्पांची मोठी बहीण. जवळच्या खेड्यात राहते, मिरचीच्या तोडणीला जाते आणि थोडी वाळवून बाजारात विकते. ती नाल्याकडे का बसते, हे मला लहानपणापासून पाठ होतं. मिरचीचा खकाणा उडतो, लोकांना ठसका लागतो, म्हणून मिरचीनं मागं बसायचं. आत्याही तेच सांगायची. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

मग पुढच्या रांगेवर आले. गूळ, त्याच्या शेजारी लसूण, आणि गुळाच्या पलीकडे एक माणूस वाळली मिरची विकत बसला होता. पार पुढं, रस्त्याच्या तोंडाशी. मी त्याच्याकडून स्वतः मिरची घेतलेली आहे. पेन हातात तसंच राहिलं. मिरची पुढंही बसते! आणि तिथं कोणी शिंकत नव्हतं.

मी परत नाल्याकडे बघितलं. आत्याच्या बाजूला झाडू विकणारी म्हातारी; झाडूची धूळ उडते म्हणून ती मागं. तिच्या पलीकडे वाळल्या मासळीवाली. तिचा वास येतो म्हणून मागं. मग चपला शिवणारे काका. ते का मागं, त्याचं कारण मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि जागा एकच. आमच्या आजोबांनी बुद्धाचा धम्म घेतला, पप्पा मास्तर झाले, मी हैदराबादला गेले, आणि आमची आत्या अजून नाल्याशी बसते, ठसका लागतो म्हणून! मला राग आला आणि त्याच वेळी असा आनंद झाला की काय सांगू. नकाशा बोलला होता. मी गच्चीवर एकटीच उड्या मारत होते आणि खाली शाळेचा शिपाई वर बघत होता.

संध्याकाळी पप्पांना कागद दाखवला. मला वाटलं, त्यांना ठिपके दिसतील. त्यांना दिसलं भलतंच. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, मापं कुठं आहेत? अंदाजे काढलंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यभर ज्यानं कबड्डीचं मैदान इंचाइंचानं आखलं, त्याच्या पोरीनं बाजार अंदाजानं काढावा! पुढच्या बाजाराला मी येतो, म्हणाले. टेप आणतो, सुतळी आणतो आणि फक्कीची गोणी आणतो. फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी, जिनं शाळेची मैदानं आखतात. मी त्यांना नीट समजावलं की काही नवीन आखायचं नाही. जिथं जो बसतो, तिथं खुंट्यांची भोकं आहेत, ठेवलेले दगड आहेत, त्यावरून त्याच्या जागेभोवती पुसट खूण करायची, म्हणजे मला वरून फोटोत माप मिळेल. त्यांनी मान डोलावली. पप्पा मान डोलावतात तेव्हा ते ऐकत नसतात, हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी उजाडायच्या सुमारास आम्ही मैदानावर गेलो. पप्पांनी ट्रॅकपँट घातली होती, गळ्यात शिट्टी, बगलेत टेप. निवृत्तीनंतर मी त्यांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं. मी गच्चीवर कॅमेरा लावायला गेले, शिपायाची किल्ली सापडेना, त्यात चांगला तास-दीड तास गेला. वर पोचून खाली बघते तर कपाळावर हातच मारला.

मैदानावर सरळ रांगा पडल्या होत्या. एकसारखे चौकोन, मधून ऐसपैस वाट, कोपरे काटकोनात. आंतरशालेय स्पर्धेची तयारी असावी तसं सगळं पांढरंशुभ्र. पप्पांचा हात वाकडी रेघ मारूच शकत नाही, त्याला ते तरी काय करणार. आणि नाल्याकडची बाजू त्यांनी साफ मोकळी सोडली होती. तिथं एकही चौकोन नाही. मी वरून ओरडले, पप्पा, नाल्याकडचे लोक कुठं आहेत? ते खालून म्हणाले, "नाल्याला चिकटून मैदान कोणी आखत असतं का? माणूस पडंल ना."

माझ्या कागदावरून तिथली माणसं मोजून तेवढेच चौकोन त्यांनी पुढे घेतले होते. का, तर खेळाडू जेवढे, जागा तेवढ्या पाहिजेत. मला ओरडावं की रडावं कळेना. माझा नकाशा, माझा सेमिनार, माझा सगळा विषय त्यांनी फक्कीखाली झाकून टाकला होता. मी जिना उतरून खाली धावले, पण तोवर पहिला टेम्पो आला.

पहिला आला तो बटाटेवाला. रेघा बघून तो थबकला. समोर गळ्यात शिट्टी घातलेला, हातात टेप घेतलेला माणूस. त्यानं अदबीनं विचारलं, साहेब, कोणता चौकोन कोणाचा? आणि पप्पा, काय बोलावं यांना, नोकरीभर पोरांना जे सांगत आले तेच सवयीनं बोलून गेले. जो आधी येईल तो आधी बसंल, ढकलाढकली बिलकुल करायची न्हाई. वर शिट्टी फुंकली.

झालं! नगरपरिषदेनं बाजार आखला, ही बातमी मैदानावरून बसस्टँडवर आणि बसस्टँडवरून येणाऱ्या सगळ्या टेम्पोंत गेली. लोक जल्दी जल्दी गाठोडी टाकायला लागले. बांगड्यावाली भाजीच्या शेजारी, विळे-कोयतेवाला कापडाच्या शेजारी. ज्यानं कधी पुढची रांग पाहिली नव्हती तो पुढे बसला. मी प्रत्येकाला सांगत सुटले की हे खरं नाही, हा अभ्यास आहे, पण कोण ऐकतंय! एकानं मला, ताई, चौकोनातून बाजूला व्हा, असं वर सुनावलं.

आत्या तिच्या गावच्या छोटा हत्ती टेम्पोतून उतरली. डोक्यावर मिरचीचं पोतं. ती नेहमीसारखी सरळ नाल्याकडे गेली. तिथं एकही रेघ नाही, एकही माणूस नाही. ती जरा वेळ तिथंच उभी राहिली, मग वळून परत आली. पप्पांनी लांबूनच बोटानं दाखवलं, बस तिथं. पुढच्या रांगेतला चौकोन मोकळा होता. तिनं पोतं उतरवलं, फडकं अंथरलं, मिरचीचा ढीग लावला आणि पदर खोचून बसली. रस्त्यावरून येणारा पहिला माणूस तिच्यासमोर येऊन थांबत होता.

तो चौकोन मोकळा का होता, ते थोड्या वेळानं कळलं. ती लसूणवाल्या काकांची जागा, सवयीनं तिथं कोणी टेकलंच नव्हतं. त्यांची गावात शेती आहे, लसूण घरचा, आणि जागा ठरलेली, म्हणून ते कधी लवकर येतच नाहीत. ते आले, बघितलं आणि हबकलेच. माणूस वाईट नाही. त्यांची दोन्ही पोरं पप्पांच्या हाताखाली कबड्डी खेळलेली. त्यांनी आत्याला काही न बोलता आधी पप्पांना गाठलं. तोवर माणसं गोळा झाली होती.

"सर, ह्या रेघा कोणाच्या?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला कळत होतं, ते गप्प बसले तर आत्या त्या जागेवर राहील. गप्प बसा, पप्पा, असं मी डोळ्यांनी सांगत होते. पण ज्या माणसानं आयुष्यभर पंचगिरी केली, त्याच्यानं ते होणार नव्हतं.

"माझ्या," ते म्हणाले. "पोरीच्या अभ्यासासाठी मारल्या. वरून कोणाचा हुकूम न्हाई, काही न्हाई."

लोकांत कुजबूज झाली. काका आत्याकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मंग उठा बाई. ती माझी जागा आहे."

आत्या मिरच्यांची देठं एका बाजूला करत होती. ती थांबली नाही.

"भावानं मारलेल्या रेघा खोट्या, बराबर," ती म्हणाली. "मंग आधीच्या कोणी मारल्या व्हत्या, तेवढं सांगा. मी उठते."

"आधी रेघा कुठं व्हत्या?" काका म्हणाले.

"तेच म्हणून राह्यले मी."

काकांनी आजूबाजूला बघितलं. मग ते म्हणाले की तसं नाही, मिरचीचा ठसका लागतो, माझा लसूण शेजारी असतो, लोक थांबत नाहीत. त्यावर गूळवाली बाई फसकन हसली. तिच्या एका बाजूला लसूण बसतो आणि दुसऱ्या बाजूला तो मिरचीवाला, इतकी वर्षं. तिनं नुसती मान त्याच्याकडे वळवली. सगळे त्याच्याकडे बघायला लागले आणि तो बिचारा तराजूची साखळी सोडवत बसला. मला मध्ये पडून भाषण ठोकायचं होतं, माझ्या जिभेवर आख्खं प्रकरण तयार होतं, पण पप्पांनी माझं कोपर असं घट्ट धरलं की मी मुकाट्यानं उभी राहिले.

आत्या उठली नाही. काकांनी शेवटी तिच्या शेजारी उरलेल्या जागेत पोती रचली आणि अर्ध्या जागेत बसले. दिवसभर तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुपारी चहाला जाताना मात्र कोणाकडेही न बघता म्हणाले, बघा जरा. आत्यानं त्यांचा लसूण बघितला.

घरी जाताना पप्पा खाली मान घालून चालत होते. फक्कीनं त्यांच्या चपला पांढऱ्या झाल्या होत्या. म्हणाले, तुझा नकाशा बिघडवला मी. मी भर रस्त्यात त्यांना मिठी मारली. म्हटलं, पप्पा, माझ्याकडं आता एक नाही, दोन नकाशे आहेत! एक गेल्या बाजाराचा, एक आजचा. लोक तेच, मैदान तेच, माल तोच, आणि सगळं वेगळं. लोक वर्षानुवर्षं शोधतात ते तुम्ही एका सकाळी करून दाखवलंत. त्यांना ते काही फारसं पटलं नाही, पण चालण्याचा वेग वाढला.

गावी जायच्या आधी आत्या आमच्याकडं चहाला आली. आईनं विचारलं, आज कसं काय? आत्या बशीत चहा ओतत म्हणाली, "नाल्याकडं लोक येतात ना माय, तवर त्यांच्या पिशव्या भरलेल्या असतात. आज सगळे रिकाम्या पिशव्या घेऊन समोर आल्ते." तिला हसू आवरत नव्हतं. एवढं हसताना मी तिला कधी पाहिलेलं नाही. मी ते वाक्य लगेच लिहून घेतलं आणि मला लिहिताना बघून ती आणखी हसली.

मग मी विचारलं, पुढच्या बाजाराला कुठं बसशील? तिचं हसू ओसरलं. तिनं बशी तोंडाला लावली, रिकामी करून खाली ठेवली. म्हणाली, बघू. रेघा तर आता पुसणार. काका उजाडायच्या आधी येऊन बसतील, त्यांच्याशी दर बाजाराला कोण भांडंल? मला काय, सवय आहे तिकडची.

दिवसभर मी आनंदानं नाचत होते, कारण माझा विषय मिळाला होता. तिच्या जागेचं काय, हा विचार मी केलाच नव्हता. पुढच्या बाजाराला ती नाल्याकडे गेली, तर माझे दोन नकाशे म्हणजे नुसती एका सकाळची गंमत. मॅडमना ते दाखवायला काही हरकत नव्हती. पण मला नको होतं तसं, मला ती पुढे बसलेली हवी होती.

आणि नेमका सेमिनार त्या पुढच्या बाजाराच्याच दिवशी आला. मी हैदराबादला परतले. दोन्ही नकाशे मोठे करून छापून घेतले, सुरळी करून उशाशी ठेवले. त्या सकाळी विभागाच्या व्हरांड्यात मी सुरळी छातीशी धरून येरझारा घालत होते. आतून टाळ्यांचा आवाज आला, म्हणजे मेट्रोवालीचं झालं होतं. त्यानंतर माझा नंबर. मैत्रीण म्हणाली, पाणी पी, घाबरू नकोस. सेमिनारची भीती नाही गं, मी म्हटलं, पण तिला काय सांगणार. तेवढ्यात पप्पांचा फोन आला. मागून बाजाराचा गलका ऐकू येत होता.

ते सांगायला लागले आणि नेहमीसारखे मैदानापासून सुरू झाले. रेघ एकही राहिली न्हाई, ट्रॅक्टर फिरून सगळं साफ झालं. काका अंधारातच आल्ते, पोती लांबलचक पसरून बसलेत. गूळवाली आली, मिरचीवाला आला.

"आत्या आली का?"

"आली."

"पुढं बसली?"

"न्हाई. आली, काकाकडं बघितलं आणि नाल्याकडं गेली."

मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकले. डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, तिचा, काकांचा, माझा, सगळ्यांचाच. म्हटलं, ठीक आहे पप्पा, ठेवा, मला आत जायचंय.

"अगं, ऐक तरी! सारखी घाई तुला." पप्पांचा आवाज चढला होता, मॅच शेवटच्या मिनिटाला आल्यावर चढतो तसा. "ती तिकडं बसायला न्हाई गेली. झाडूवाल्या म्हातारीला उठवलं तिनं. मासळीवालीला उठवलं. चपलावाल्याची पेटी स्वतः उचलली. सगळ्यांना घेऊन पुढं आली आणि काकाला म्हणली, सरका."

"मंग?" मी ओरडलेच. मैत्रीण दचकली.

"मंग काय, सरकून राह्यलेत ना."

त्याच वेळी दार उघडलं आणि माझं नाव पुकारलं. मी फोन बंद न करता तसाच खिशात टाकला आणि आत गेले. मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांनी सुरळीकडे बघून हळू आवाजात विचारलं, किती नकाशे आणलेस?

"दोन आणलेत, मॅडम," मी म्हटलं. "तिसरा आत्ता भोकरदनला भरतोय."